पाठिंब्याच्या बाराशे प्रती

सकाळचे साडेसात वाजायचे होते आणि सासूबाईंसाठी चौथा फोन येऊन गेला होता. एरवी महिन्यात चार फोन आले तरी त्या म्हणायच्या, "काय ग बाई, घराचं नुसतं कार्यालय झालंय!" आज मात्र खुर्ची चार्जिंगला लावलेल्या मोबाइलपाशी ओढून, मांडीवर मटाराचं ताट घेऊन त्या ठाण मांडून बसल्या होत्या.

"हो, माझ्याकडेच आहे," त्या फोनमध्ये ठणकावून सांगत होत्या. "नाही, परत नाही करणार. का म्हणून करू? तुमचा नंबर दुसरा असो नाहीतर दोनशेवा. ठेवा फोन."

"आई, कोण होतं? काय परत मागतायत?" ग्रंथपालबाईंनी डबा भरता भरता विचारलं. सगळी वस्ती त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची.

"पाठिंबा."

"काय?"

"पाठिंबा ग, पाठिंबा! काल तूच नाही का माझ्या हातून त्या वेबसाइटवर द्यायला लावलास? आता लोक म्हणतात, आजी, तुमचं झालं असेल तर परत करा, आमची पाळी खोळंबलीय. असं कुठे असतं? दिलेली वस्तू परत घ्यायला मी काय भातुकली खेळतेय?"

बाईंच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं. त्यांनी आपल्या फोनवर ग्रंथालय संघाची वेबसाइट उघडली. बोधचिन्ह गरगर फिरलं, फिरलं आणि थांबलं. मग चार पायऱ्या उतरून त्या पाठिंब्याच्या पानावर पोचल्या. तिथे लिहिलं होतं : 'एकूण पाठिंबा : १.' आणि त्याखाली, 'हा पाठिंबा सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे. आपला प्रतीक्षा क्रमांक : ६४. अधिक चौकशीसाठी संबंधित वाचकाशी संपर्क साधावा.' खाली सासूबाईंचं नाव होतं, पत्ता होता आणि फोन नंबर ठळक अक्षरांत होता.

फोन पुन्हा वाजला. सासूबाईंनी मटाराची शेंग तोंडात धरूनच तो उचलला.

झालं होतं ते असं. बाईंची शाखा म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान. सव्वीस वर्षं बाई तिथे होत्या. कुठल्या कपाटाचं दार कुरकुरतं, कुठल्या खिडकीतून दुपारी तीनला ऊन येऊन नकाशांच्या पुस्तकांवर बसतं, हे त्यांना घरातल्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि आठ दिवसांपूर्वी वरच्या कचेरीतून पत्र आलं होतं. ज्या लहान शाखांना लोकांचा पाठिंबा नाही, त्या बंद करून पुस्तकं मुख्य ग्रंथालयाच्या गोदामात हलवायची. पाठिंबा किती ते संघाच्या वेबसाइटवरून मोजायचं. महिन्याच्या चौथ्या गुरुवारी साहेब समक्ष येतील, आणि संध्याकाळी पाच वाजता आकडा हजाराच्या खाली असला तर कुलूप.

शाखेत रोज माणसं किती येतात, ते मोजायचं असं पत्रात कुठेच नव्हतं. ते मोजायचं असतं तर बाईंचं काळीज आणखी धडधडलं असतं. दिवसाला वीस आले तरी ती जत्रा. त्यातले चार जण पंखा बरा आहे म्हणून यायचे.

डबा तसाच टाकून बाई थेट अण्णांकडे गेल्या. अण्णा म्हणजे संघाचे चिटणीस. निवृत्त ग्रंथपाल, अंगात सदैव इस्त्रीचा सदरा, खिशाला तीन रंगांची तीन पेनं. संघाची वेबसाइट त्यांनी एकट्यानं, स्वतःच्या हातांनी उभी केली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. तिच्या पहिल्या पानावर एक ओळ उजवीकडून डावीकडे पळायची. वाचायला डोळे टेकवावेत तोवर ती गेलेली असायची. 'नवीन!' असं लाल अक्षरांत लुकलुकायचं आणि त्यावर बोट ठेवलं की अकरा वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेची सूचना उघडायची. 'अध्यक्षांचे मनोगत' होतं, पण ते ज्यांचं होतं ते अध्यक्ष जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि 'संपर्क' दाबलं की 'संपर्क साधल्याबद्दल आभार' असं यायचं. संपर्क साधायच्या आधीच.

"अण्णा, पाठिंबा एकच घेतोय तो!"

"एकच घेणार," अण्णा शांतपणे म्हणाले. "प्रत एकच आहे."

"कसली प्रत?"

"पाठिंब्याची. बाई, असं बघा. मोहिमेसाठी नवी यंत्रणा कशाला करायची? आपली पुस्तकांच्या देवघेवीची आहे ना, चौदा वर्षं घड्याळासारखी चाललीय. मी फक्त 'पुस्तक' जिथे होतं तिथे 'पाठिंबा' घातलं. पाठिंबा हे शीर्षक झालं, एक प्रत दाखल करून घेतली, आणि ती तुमच्या सासूबाईंनी नेली. आता त्यांनी आणून दिली की दुसऱ्याला मिळेल."

"त्या आणून देणार नाहीत."

"मग अवघड आहे," अण्णा म्हणाले. "पुस्तकं वेळेवर न देणारे वाचक मी खूप पाहिलेत."

"अहो, प्रती वाढवा! हजार करा, बाराशे करा!"

"करतो की. पण प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक लागेल. शिवाय पृष्ठं, आकार, बांधणी..."

"अण्णा, पाठिंब्याला पानं नसतात."

"नसतात ना? मग 'पृष्ठे : नाहीत' असं लिहावं लागेल. रकाना रिकामा ठेवून कसं चालेल?"

यावर बाईंनी खरं तर संतापायला हवं होतं. पण सव्वीस वर्षांत त्यांनीही कधी रकाना रिकामा सोडला नव्हता. राग ओठांपर्यंत आला आणि तिथेच विरला. "बांधणी कच्ची लिहा," असं आपणच म्हणतोय हे त्यांना जरा उशिरा ऐकू आलं.

अण्णांनी त्याच दिवशी कामाला हात घातला. एकेक प्रत, एकेक क्रमांक, बाराशे वेळा 'पृष्ठे : नाहीत'. रोज सव्वाशेच्या आसपास व्हायच्या. इकडे बाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. अडचण अशी होती, की पाठिंब्याचं पान सापडतच नसे. 'संघाविषयी' दाबायचं, मग 'उद्दिष्टे', मग 'उद्दिष्ट चौथे', मग 'परिशिष्ट ग'. ते पहिल्या पानावर आणा म्हटलं तर अण्णा दुखावले. "वर्गीकरण आहे बाई ते. आज पाठिंबा पहिल्या पानावर आणला तर उद्या लोक म्हणतील, सगळं कामाचंच पहिल्या पानावर आणा."

म्हणून बाईंनी कागदावर त्या पानापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढला. बाण, वळणं, 'इथे घाबरू नये' अशा खुणा. शाखेतल्या शिपाईमामांनी त्याच्या शेकडो चिठ्ठ्या कापल्या, आणि शेजारच्या लाँड्रीवाल्यानं इस्त्रीच्या प्रत्येक गठ्ठ्यात सदऱ्याच्या खिशात एकेक चिठ्ठी सारली. "माझ्याकडे कपडे टाकणारा माणूस शाखा वाचवणारच," तो म्हणाला. "नाहीतर पुढच्या वेळी घडी चुकवीन."

घरात बाईंचं डोकं सकाळ-संध्याकाळ त्या वेबसाइटमध्येच. घड्याळं दुरुस्त करणारा नवरा दोनदा जेवायला वाढून बसला आणि दोन्हीदा एकटा जेवला. सासूबाईंना यमकं जुळवण्याची जुनी खोड. त्या मटार सोलता सोलता गुणगुणल्या :

"सतरा दारांचं घर, त्याला खिडकी नाही एक,
सून माझी गेली आत, तिला शोधी माझा लेक."

प्रतीक्षा यादी मात्र वाढत होती. चिठ्ठी मिळालेली माणसं चौथ्या-पाचव्या खेपेला पान गाठायची. तिथे मोठा फॉर्म. पाठिंबा न्यायला सभासद असणं आवश्यक, म्हणून जो सभासद नाही त्याला फॉर्म आपोआप सभासद करून घ्यायचा. मग आवडता विषय विचारायचा, मग 'यापूर्वी पाठिंबा हरवला आहे काय?' असं. आणि सगळं भरल्याशिवाय मागे जाता यायचं नाही. नाइलाजानं पुरा केलेल्या फॉर्मांची संख्या हजारावर गेली.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी अण्णांनी शेवटची प्रत दाखल केली आणि कळ दाबली. थांबून राहिलेल्या सगळ्यांना एका दमात पाठिंबा मिळाला. वेबसाइटवरचा आकडा एकवरून उडी मारून १,११४ वर गेला. बाईंनी तो पाहिला आणि त्या कपाटाला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. मामांनी पंखा एक आकडा वाढवला. त्या दोघांत समारंभ तो एवढाच.

नंतरच्या सोमवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला मेसेज आलाय. मुदत संपली, परत करा म्हणतात."

"करते हो आई." सासूबाईंचे गुडघे दुखायचे, दोन वर्षांत त्या शाखेच्या पायऱ्या चढल्या नव्हत्या. त्यांच्या रहस्यकथा बाईच ने-आण करत. बाईंनी मेसेज न वाचताच त्यांच्या उशाखालची रहस्यकथा काढून पिशवीत टाकली.

"अगं, वीस पानं राहिलीत! खुनी कोण ते कळायचंय!"

"नियम तो नियम, आई. दुसरी आणते."

सासूबाई संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. दुसरा मेसेज आला, तिसरा आला. त्यांनी सुनेला काही सांगितलं नाही. सांगितलं तर हातातली नवी रहस्यकथाही जायची.

आणि मग चौथा गुरुवार उजाडला.

दहा वाजता शाखा उघडायला बाई पोचल्या तेव्हा रांग ओट्यावरून उतरून सायकलच्या दुकानापुढे वळली होती. बाईंचे डोळेच भरून आले. आज साहेब येणार हे लोकांना कळलंय, म्हणून सगळे आलेत, शाखेसाठी आलेत! त्यांनी पदर सावरला, गळा साफ केला आणि दोन शब्द बोलायला तोंड उघडलं.

"ताई, कुलूप लवकर काढा," रांगेत सगळ्यांत पुढे असलेली तरुणी म्हणाली. ती परिचारिका होती, रात्रपाळी संपवून थेट आलेली. "पाठिंबा परत करायचाय."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं.

परिचारिकेनं फोन पुढे केला. 'आपण नेलेल्या पाठिंब्याची चौदा दिवसांची मुदत आज संपत आहे. कृपया शाखेत समक्ष येऊन परत करावा. अन्यथा आपले वाचक-कार्ड बंद होईल. — ग्रंथालय संघ.'

तेव्हा कुठे बाईंना तो सोमवार आठवला आणि उशाखालची रहस्यकथा आठवली.

"अहो, पण हे चुकून आलंय! परत करू नका!"

"आणि कार्ड बंद झालं म्हणजे?" मागचा पाववाला म्हणाला.

"तुमचं कार्ड आहे? तुम्ही कधी आलेले दिसला नाहीत."

"कालपर्यंत मला माहीत नव्हतं, कार्ड आहे ते. आता आहे म्हटल्यावर बंद कशाला होऊ द्यायचं?"

त्या बोलत असतानाच आतून ओळखीचा आवाज आला. ठप्प. मामांनी मागच्या दारानं येऊन, चष्मा पुसून, शिक्का उघडून कामाला सुरुवातही केली होती. शिक्का मारायचा, वहीत तारीख घालायची, मग संगणकावर क्रमांक. त्यांचं बोट एका कळेवरून दुसऱ्या कळेवर जायला वेळ लागायचा, पण चुकायचं नाही. १,११३. ठप्प. १,११२.

"मामा, थांबा! आकडा खाली जातोय!"

"परत आलं की खालीच जाणार बाई."

"अहो, हजाराखाली गेला तर शाखा बंद! तुमची बदली गोदामात होईल!"

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नाही. "एकतीस वर्षांत दारात परत आलेली वस्तू मी नाकारली नाही. लोकांनी मुदतीत आणलंय. आता आपणच नाही म्हणायचं?" ठप्प.

अकरा वाजता अण्णा आले ते हसतच. "बाई, ऐकलंत का! चौदा वर्षांत पहिल्यांदा सगळी स्मरणपत्रं पोचली. एकही वाया नाही!" मग त्यांना रांग कशाची आहे ते कळलं आणि तीनही पेनं एकदम खाली पडली. ते संगणकाकडे धावले, मामांना जरा बाजूला सरकवून कळा दाबू लागले. पडद्यावर प्रश्न आला : 'आपण खरोखर थांबवू इच्छिता काय?' अण्णांनी 'हो' दाबलं. अकरा वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेची सूचना उघडली.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"सभेला गणसंख्या पुरली नव्हती," अण्णा हताशपणे म्हणाले.

रांग काही संपेना. मामांचा हात आपल्या गतीनं चालला होता, आणि जिथे रांग लांब असते आणि कपाटं हाताच्या अंतरावर असतात, तिथे जे व्हायचं तेच होऊ लागलं. पाववाल्यानं उभ्या उभ्या एक पुस्तक ओढलं, दोन पानं उलटली आणि रांगेतला आपला नंबर मागच्याला देऊन टाकला. परिचारिकेचा पाठिंबा परत होऊन तास झाला होता, तरी ती खिडकीत बसून प्रवासवर्णन वाचत होती. एका ट्रकचालकाला नकाशांचं पुस्तक सापडलं आणि त्यातल्या एका घाटाची वळणं चुकलीत म्हणून तो सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवू लागला. "शांतता राखा," बाई सवयीनं म्हणाल्या, आणि आपण हे वाक्य किती वर्षांनी म्हणालो ते आठवून दचकल्या. खुर्च्या संपल्या. ओटा भरला. लाँड्रीवाल्यानं इस्त्रीचं टेबल आणून आडवं टाकलं. त्यावर सहा जणी बसल्या.

बाईंना यातलं काहीच नीट दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता तो फक्त आकडा. दुपारी एकला सातशे. तीनला तीनशे. तीनचं ऊन नेहमीसारखं खिडकीतून आलं, पण नकाशांवर बसायला त्याला जागा नव्हती. तिथे ट्रकचालकाचं डोकं होतं.

साडेतीनच्या सुमाराला काखेत फाइल घेतलेला एक बारीकसा गृहस्थ दारात येऊन घुटमळला. "जरा आत येऊ का?"

"रांगेत," मामा मान वर न करता म्हणाले.

तो निमूटपणे रांगेत उभा राहिला. अर्ध्या तासात तो दोन कपाटं पुढे सरकला. बाई घाईघाईनं जाताना त्याला थडकल्या. "काहो, नुसते काय उभे आहात? हे चाळा तोवर," असं म्हणून त्यांनी हाताला लागलेलं पुस्तक त्याच्या हातात कोंबलं. ती सासूबाईंची रहस्यकथा होती. थोड्या वेळानं तो कपाटाच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला दिसला. फाइल त्यानं खाली ठेवून तिच्यावर पाय टेकले होते.

पावणेपाचला रांग संपली. मामांनी शिक्क्याची शाई पुसली. वेबसाइटवर आकडा होता : २.

"एक आमच्या आईंचा," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "त्या मेल्या तरी परत करायच्या नाहीत. दुसरा कोणाचा राहिला?"

"राहू दे ना बाई," अण्णा म्हणाले. "दोन तर दोन. साहेब यायचे आहेत अजून. काय तोंड दाखवायचं त्यांना?"

"मी आलोय मघाशीच," शिडीवरून आवाज आला. त्या बारीक गृहस्थानं पुस्तकात बोट घालून ते मिटलं, खालची फाइल उचलली आणि तिच्यावरची आपल्या बुटांची धूळ हातानं झटकली. "मॅडम, तो दुसरा माझा आहे. ८७१ नंबर."

दोन खोल्यांत आणि ओट्यावर जेवढी माणसं होती तेवढी सगळी गप्प झाली. आजवर 'शांतता राखा' म्हणून ही शांतता कधी मिळाली नव्हती.

"तुम्ही पाठिंबा दिला होतात?" बाईंनी विचारलं.

"दिला नव्हता. मी फक्त आकडा बघायला आत शिरलो होतो," साहेब जरा ओशाळून म्हणाले. "फॉर्म उघडला. भरल्याशिवाय बाहेर सोडेना. तीनदा प्रयत्न केला, मग भरला. आवडता विषय विचारला, तो कितीतरी वर्षांत कुणी विचारला नव्हता. मग आज सकाळी मेसेज आला. म्हटलं, तपासणीला जायचंच आहे, जाता जाता परत करू."

"द्या," मामांनी हात पुढे केला आणि शिक्का पुन्हा उघडला. घड्याळात पाच वाजायला दोन मिनिटं होती.

साहेबांनी फोन पुढे केला आणि मध्येच थांबले. त्यांनी खोलीभर पाहिलं. पाववाला, परिचारिका, घाटाची वळणं दुरुस्त करणारा ट्रकचालक, इस्त्रीच्या टेबलावरच्या सहा जणी. मग हातातल्या पुस्तकातल्या आपल्या बोटाकडे पाहिलं.

"याची मुदत वाढवून मिळते का हो?" त्यांनी विचारलं.

"मिळते की," मामा म्हणाले. "वाचक समक्ष आला की चौदा दिवस. पुस्तकाची का पाठिंब्याची?"

"दोन्हीची."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सव्वीस वर्षं त्या ज्याला-त्याला सांगत आल्या होत्या : वाचून झालं नसेल तर मुदत वाढवून घ्या. आणि आज सकाळपासून अकराशे माणसं समक्ष येऊन गेली! "मामा! अहो, तुम्हाला ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही," मामा म्हणाले.

पाच वाजले. साहेबांनी इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर फाइल उघडली आणि उभ्यानंच अहवाल लिहिला. बाई समोर, अण्णा बाजूला. दोघांनाही उलटी अक्षरं वाचायची सवय होती. साहेबांनी लिहिलं : 'संघाचे संकेतस्थळ पाहिले. पाठिंबा : दोन. पैकी एक आमचाच.' बाईंनी डोळे मिटले. लेखणी पुढे चालल्याचा आवाज आला म्हणून उघडले. 'त्यानंतर शाखा पाहिली. पाहणीच्या वेळी आम्हांस बसण्यास खुर्ची मिळाली नाही. उभे राहण्यासही रांग होती. नवीन सभासद नऊशेच्या वर. सबब शाखा चालू ठेवावी आणि खुर्च्या वाढवाव्यात. संकेतस्थळाबाबत स्वतंत्र अहवाल सादर करू. त्यास वेळ लागेल.'

"वेळ का लागेल?" अण्णांनी विचारलं.

"बाहेर पडायला," साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी अण्णांनी वेबसाइटवर विजयाची बातमी टाकली. ती 'संघाविषयी', 'उद्दिष्टे', 'उद्दिष्ट चौथे', 'परिशिष्ट घ' इथे अजूनही आहे.

पंधरवड्यानं, पुन्हा एका गुरुवारी, शाखेसमोर रिक्षा थांबली आणि सासूबाई उतरल्या. एका हातात काठी, दुसरा हात लाँड्रीवाल्याच्या खांद्यावर. पायऱ्या चार होत्या. प्रत्येक पायरीवर थांबून त्यांनी शाखेला नावं ठेवली आणि पुढची चढल्या. मेसेजमध्ये 'अंतिम सूचना' असं आल्यापासून त्या हट्टाला पेटल्या होत्या : कार्डही बंद होऊ द्यायचं नाही आणि पाठिंबाही परत द्यायचा नाही.

मामांच्या टेबलापुढे एक बारीकसा गृहस्थ आधीच उभा होता. बाईंनी सासूबाईंच्या कानात सांगितलं, "तेच ते साहेब. मुदत वाढवायला आलेत."

"असेनात का," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "यांनी चुकून दिला, मी मनापासून. माझा नंबर आधी."

साहेब लगेच बाजूला झाले. त्यांच्या हातातली रहस्यकथा पाहून सासूबाईंची काठी थबकली. "संपली का?"

"काल रात्री संपली."

"मग सांगा बघू. खुनी कोण?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. सासूबाईंनी सुनेकडे वळून विजयी मुद्रेनं मान हलवली. "मला पहिल्यापासूनच त्याचा संशय होता. वीस पानांसाठी तीन आठवडे कुढवलंस मला." मग त्या मामांकडे वळल्या. "हं, वाढवा माझी मुदत."

मामांनी वही उघडली, पेन उचललं. "चौदा दिवस. तारीख घालतो..."

सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून, खिडकीतल्या उन्हाकडे बघत गुणगुणल्या :

"दिल्या वस्तूला मुदत, कुणी घातली ग बाई?
चौदा दिवसांची माया, माझ्या पदरात नाही."

मामांचं पेन वहीवर थांबलं. मग त्यांनी शिक्का उचलला, ठप्प करून मारला, आणि वही मिटून टाकली.

बाईंनी नंतर ती वही उघडून पाहिली. नाव होतं, क्रमांक होता, शिक्का होता. तारखेचा रकाना रिकामा होता.

त्यांनी पेन हातात घेतलं, आणि तसंच पुन्हा ठेवून दिलं.